संत्र्याची चटणी: गॅस पेटवण्याआधी

नागपुरात संत्र्याचे बहार दोन. आंबियाची फळं ऑक्टोबर ते डिसेंबरात येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. चटणी दोन्हींची होते, पण मला विचाराल तर आंबियाचीच करा. गुळापुढे टिकेल असा आंबटपणा त्या फळात असतो.

कॉटन मार्केट असो की गोकुळपेठ, दोन किलो संत्री घेताना फळ हातात तोलून पाहा. आपल्या संत्र्याची साल मुळातच सैल असते, त्यामुळे दाबून फारसं कळत नाही, वजनावरून कळतं. आकाराच्या मानाने जड तर रसाळ, हलकं तर आत सुकलेलं. सालीवरचे डाग खुशाल चालतील, बारीक फळंही चालतील. देठाशी मऊ पडलेलं मात्र एकही नको, कारण चटणी बरणीत राहायची आहे.

त्याच फेरीत 400 ग्रॅम साधा गूळ (चिक्कीचा नको), एक सफरचंद, 50 ग्रॅम आलं, मूठभर मनुका आणि व्हिनेगर आणा. तिखट भिवापुरी मिरचीचं असलं तर उत्तम, त्याने रंगही छान येतो. मोहरी, मेथीदाणे, लवंगा, दालचिनी घरात असतेच.

भांडं स्टीलचंच काढा, पसरट आणि जाड बुडाचं. संत्रं आणि व्हिनेगर दोन्ही आंबट, त्यामुळे ॲल्युमिनियम, लोखंड किंवा बिनकल्हईचं पितळ नको. चटणी आटताना टणाटण उडते, म्हणून लांब दांड्याचा सराटा हाताशी असू द्या. काचेच्या बरण्या आदल्या रात्री घासून ठेवा. गूळही रात्रीच अर्धी वाटी पाण्यात विरघळवून गाळून घ्या, कचरा आणि खडे निघून जातात.

संत्री मात्र रात्री सोलून ठेवू नका. पापुद्र्यांत आणि बियांत जे असतं, ते रसात मिसळलं की त्यातून लिमोनिन हे कडू द्रव्य तयार होतं. रस जितका वेळ पडून राहील तितका कडवटपणा वाढतो, आणि गरम केल्यावर तर जास्तच. एकदा कडू झालेली चटणी कितीही गूळ घातला तरी सुधारत नाही. म्हणून सोलणं त्याच सकाळी, आणि दोघा-तिघांनी मिळून.

परात मांडून बसा. फोड घ्यायची, तिची सरळ कड कात्रीने कापायची, पापुद्रा दोन्ही बाजूंनी मागे ओढायचा, की केशरी गर अख्खा सुटतो. बी तिथल्या तिथे बाजूला. पांढरे धागे जमतील तेवढे काढा. बी मात्र एकही राहता कामा नये. दोन किलोंतून जेमतेम किलोभर गर निघतो, मन खट्टू करून घेऊ नका. दोन फळांच्या साली ठेवा, आतला पांढरा भाग सुरीने खरवडून टाका आणि उरलेल्या पातळ सालीचे बारीक काप करा. ते दोनदा उकळून दोन्ही वेळचं पाणी फेकून द्या. सुगंध राहतो, कडूपणा जातो.

सफरचंद सालासकट किसा. संत्र्याच्या गराला स्वतःचा दाटपणा नसतो, तो सफरचंदातल्या पेक्टिनमुळे येतो. आलं किसून घ्या.

आता गॅस. थोड्या तेलात मोहरी, पाव चमचा मेथीदाणे, चार लवंगा आणि दालचिनीचा तुकडा. त्यावर गर, सफरचंद, आलं आणि सालीचे काप. फळ मऊ झालं की गुळाचं पाणी, अर्धी वाटी व्हिनेगर, मनुका, दोन चमचे तिखट आणि दोन लहान चमचे मीठ. मंद आचेवर पाऊण तास तरी लागेल, शेवटी शेवटी हलवणं थांबवू नका. गार बशीत चमचाभर टाकून मधून बोट ओढा, कडेने पाणी सुटलं नाही की झाली.

ती शिजत असताना दुसऱ्या शेगडीवर तळाशी फडकं घालून बरण्या पाण्यात दहा मिनिटं उकळा आणि पूर्ण कोरड्या होऊ द्या. बरणी गरम असतानाच गरम चटणी भरा. झाकणाला आतून गंज असेल तर ते झाकण वापरू नका. वरून तारीख चिकटवा आणि गार झाली की फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन दिवसांनी तिखट आणि गूळ एकमेकांत मुरतात, तोवर भाकरीबरोबर काढायची घाई करू नका. नंतर दरवेळी कोरडाच चमचा घाला आणि महिन्याभरात संपवा.