बायोप्सीच्या अहवालातील हर-२ ची ओळ कशी वाचावी

स्तनाच्या कर्करोगाचा बायोप्सी अहवाल हाती आला की नातेवाइकांची नजर आधी गाठीच्या ग्रेडकडे जाते, परंतु औषधांची निवड बऱ्याच अंशी ‘हर-२’ च्या ओळीवर ठरते.

हर-२ हे पेशीपटलावरील संदेशवाहक प्रथिन आपल्याच कुळातील, विशेषतः हर-३ या प्रथिनाशी जोडी जमवून वाढीचा संदेश पेशीच्या आत पोहोचवते. १७ व्या गुणसूत्रावरील त्याच्या जनुकाच्या प्रती वाढल्या की पटलावर या प्रथिनाची गर्दी होते, बाहेरून काही सांगावा नसतानाही जोड्या जमू लागतात आणि त्यातून सतत चालू राहणाऱ्या पीआय३के-एकेटी व रास-मॅप कायनेज या पेशीतील संदेशमार्गांमुळे पेशी विभागत राहते, मरण टाळते आणि शेजारच्या ऊतींत शिरू लागते. स्तनाच्या सुमारे १५ ते २० टक्के कर्करोगांत हे घडते. असा कर्करोग पसरल्यास मेंदूपर्यंत जाण्याचे प्रमाणही अधिक असते.

अहवालात प्रथम आयएचसीचा, म्हणजे रंग देऊन पटलावरील हर-२ प्रथिनाचे प्रमाण दाखवणाऱ्या तपासणीचा, आकडा पाहावा. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, ० किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह. २+ चा अर्थ ‘थोडेसे पॉझिटिव्ह’ असा अनेक जण लावतात. तो चुकीचा आहे. २+ म्हणजे निर्णय झालेला नाही, आणि अशा वेळी जनुकाच्या प्रती मोजणारी फिश तपासणी करून घ्यावीच. तिच्यात हर-२ जनुकाच्या प्रतींचे १७ व्या गुणसूत्राच्या प्रतींशी गुणोत्तर २ किंवा अधिक आणि प्रत्येक पेशीतील जनुकाच्या सरासरी प्रती ४ किंवा अधिक असल्यास निकाल पॉझिटिव्ह धरतात. नमुना ऊती टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तास ठेवला होता का, हेही विचारावे, कारण तेथे हयगय झाल्यास पुढचे रंजन (रंग देणे) भरवशाचे राहत नाही. दुसरे मत घ्यायचे असल्यास केवळ स्लाइड नव्हे, तर नमुना जतन केलेला मेणाचा ब्लॉकही मागून घ्यावा.

‘निगेटिव्ह’ एवढ्यावर थांबू नये. १+, किंवा २+ असून फिश निगेटिव्ह, अशा पसरलेल्या कर्करोगात ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन या, हर-२ ला चिकटून पेशीत केमोऔषध पोहोचवणाऱ्या औषधाचा विचार होऊ शकतो, म्हणून नेमका आकडा लिहून घ्यावा. आजार उलटल्यास शक्य तेथे नव्या गाठीची बायोप्सी करावी, कारण हर-२ ची स्थिती बदललेली असू शकते.

पॉझिटिव्ह असल्यास हर-२ ला लक्ष्य करणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाविषयी विचारावे. अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळालेल्या या औषधाचे बायोसिमिलर (मूळ औषधाशी अत्यंत साम्य असलेले) पर्याय भारतातही मिळतात. मात्र हे औषध हृदयाच्या स्नायूवर परिणाम करू शकत असल्याने पहिल्या डोसापूर्वी आणि उपचार चालू असताना ठरावीक अंतराने टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावा.