मॉसमधल्या लहान आरएनएवर काम सुरू करताना

मी मॉसवर पीएचडी करते म्हटलं की घरचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे शेवाळच ना?" शेवाळ नव्हे. अकरावीत फ्युनारिया शिकतो ना, त्याच कुळातलं हे फिस्कोमिट्रियम पेटन्स. जुन्या पेपरांत फिस्कोमिट्रेला. जगभरच्या लॅबमधलं ग्रॅन्सडेन वाण १९६२ साली इंग्लंडमधल्या ग्रॅन्सडेन वुडमधून आणलेलं.

वाढवायला एकदम सोपं. आगरवर सेलोफेन अंथरायचा, हिरवे तंतू चटणीसारखे फिरवून त्यावर ओतायचे, आठवड्याने पुन्हा तेच.

घोळ पुढे होतो, आरएनए काढताना. मला हवा होता मायक्रोआरएनए, म्हणजे इतर जनुकांना लगाम घालणारा चिमुकला आरएनए. पहिले तीन महिने मी नेहमीच्या कॉलम किटने (आरएनए चाळणीत धरून बाकीचं धुऊन टाकणारा संच) आरएनए काढला. शुद्धता उत्तम, ब्लॉट (आरएनए जेलवरून पडद्यावर उतरवून हवा तो शोधायची चाचणी) मात्र दर वेळी कोरा. साधे कॉलम साधारण २०० न्यूक्लिओटाइडपेक्षा (म्हणजे आरएनएच्या अक्षरांपेक्षा) मोठेच रेणू धरतात; मायक्रोआरएनए असतो २१ चा. हवं तेच मी रोज कचऱ्याच्या बाटलीत ओतत होते! म्हणून फिनॉलवाली पद्धत वापरा, साका आयसोप्रोपॅनॉलने बसवा, लिथियम क्लोराइडने नको, त्यात लहान रेणू निसटतात. युरियाच्या जेलवर खाली टीआरएनएची (हाही लहानच आरएनए) ठळक पट्टी दिसली नाही, तर ब्लॉटची मेहनत वाया घालवू नका.

दुसरी चूक डोक्यातली. अरॅबिडॉप्सिसवर (प्रयोगशाळांचं लाडकं फुलझाड) शिकलेला माणूस मॉसमध्येही अरॅबिडॉप्सिसच शोधतो. मायक्रोआरएनए १६६ आणि त्याचं लक्ष्य असलेली, म्हणजे तो ज्यांना दाबतो ती एचडी-झिप ३ नावाची जनुकं दोन्हीकडे आहेत, म्हणजे ही जोडी ४० कोटी वर्षांहून जुनी. इथे हुरळून जायला होतं. पण मायक्रोआरएनए १५६ बघा. तोही दोन्हीकडे, लक्ष्यही एसबीपी नावाच्या जनुककुळातलंच. अरॅबिडॉप्सिसमध्ये तो रोपाला बालपणात रोखून धरतो. मॉसमध्ये उलट, तंतूंवर पानांचे कोंब फुटायला मदत करतो. शिवाय मॉसचं पानांचं रोप म्हणजे युग्मकधारी पिढी, अरॅबिडॉप्सिसचं बीजाणुधारी. तुलना लिहिताना हे वाक्य आधी लिहा. परीक्षक तिथेच पकडतात.

आणि सिक्वेन्सिंग (सगळ्या आरएनएची अक्षरं वाचणं) आलं की "नवे" मायक्रोआरएनए सापडायला लागतात. माझी पहिली यादी पानभर होती. मग एकेकाची केसपिनेसारखी दुमड तपासली, समोरचा जोडीदार धागा दोन अक्षरं पुढे सरकलेला सापडतो का पाहिलं, दुसऱ्या नमुन्यात तोच मिळतो का पाहिलं. उरले ते एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातलेही बहुतेक आधीच कुणीतरी नोंदवलेले.