काडतूस अडकतंय? आधी चेंबर बघा

कोकणातली खारी, दमट हवा बारा बोअरच्या बंदुकीला सोसत नाही. रिकामं काडतूस निघेनासं झालं की लोक एक्स्ट्रॅक्टरला (काडतूस बाहेर ओढणाऱ्या भागाला) दोष देतात, पण बहुधा चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) गंजून खरखरीत झालेलं असतं. बंदूक रिकामी आहे ना, हे बघून ब्राँझचा ब्रश आणि तेलाने चेंबर घासा, मग कोरड्या फडक्याने पुसा. आत तेल राहता कामा नये. एक्स्ट्रॅक्टरखालची काजळी काडीने खरवडा. कागदी काडतुसं दमटपणाने फुगतात. ती हवाबंद डब्यातच ठेवा. ६५ मिमीच्या चेंबरमध्ये ७० मिमीचं (ही उडून तोंड उघडल्यावरची लांबी) काडतूस बसतं, पण उडवू नका, दाब वाढतो. जिवंत काडतूस अडकलं तर गज घालू नका, थेट परवानाधारक कारागिराला दाखवा.