हेडफोनचा आवाज वाढतच जातो? नव्या डीजेंनी टाळाव्यात अशा चुका

बडोद्यात नवरात्रीची मोठी मैदाने बहुतेक गायक-वादकांकडे असतात. नव्या डीजेच्या वाट्याला येतात ते लग्नाचे वरघोडे, सोसायटीतला गरबा आणि दांडिया बाजार किंवा रावपुऱ्याकडच्या एखाद्या मंडळाचा गणपती. अशा ठिकाणी डीजेचे टेबल जिथे जागा उरेल तिथे, म्हणजे बहुधा स्पीकरला खेटूनच मांडले जाते, आणि हेडफोनच्या बहुतेक चुकांचे मूळ या मांडणीत असते.

पुढचा ट्रॅक हेडफोनमध्ये नीट ऐकू आला नाही की हात आपोआप हेडफोनच्या नॉबकडे जातो आणि नॉब वर फिरतो. थोड्या वेळाने कान त्या आवाजाला सरावतो, तोच आवाज कमी वाटू लागतो आणि नॉब पुन्हा वर जातो. दोन तासांनी तो शेवटच्या टोकाला पोहोचलेला असतो, पण तोवर कानच इतका थकलेला असतो की तरीही काही स्पष्ट ऐकू येत नाही. यावर उपाय उलट दिशेने करावा लागतो: आधी बूथ मॉनिटरचा, म्हणजे डीजेसाठी ठेवलेल्या स्पीकरचा, आवाज उतरवावा आणि मग हेडफोन ऐकून पाहावा. मिक्स करताना (एका ट्रॅकमधून दुसऱ्यात जाताना) मॉनिटर वर आणि मिक्स संपताच खाली, ही सवय पहिल्याच कार्यक्रमापासून लावून घ्यावी. कार्यक्रम सुरू होताना हेडफोनचा नॉब जिथे होता तिथे मिक्सरवर चिकटपट्टीची खूण करून ठेवावी. मध्यंतरी नॉब त्या खुणेच्या बराच पुढे गेलेला दिसला, तर आपला कान किती दमला आहे हे डोळ्यांनाच कळते.

नायॉश या अमेरिकी सरकारी संस्थेने कामाच्या जागेसाठी सुचवलेली मर्यादा 85 डेसिबलला 8 तास अशी आहे आणि दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे 94 डेसिबलला एकच तास उरतो आणि 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटे. स्पीकरशेजारी उभे राहून त्याच्यावर मात करील इतका आवाज हेडफोनमध्ये ठेवणाऱ्याने हा हिशेब स्वतःच मांडून पाहावा. अंतर्कर्णातील केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

मॉनिटर मुळीच न ठेवणे ही याच्या उलट टोकाची चूक आहे, आणि मंडळाच्या कार्यक्रमांत ती फार आढळते. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे मुख्य स्पीकर 10 मीटर दूर असेल तर त्याचा ठोका तुमच्यापर्यंत सुमारे 29 मिलिसेकंद उशिरा येतो. 128 बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 128 ठोक्यांच्या, गाण्यात एक ठोका सुमारे 469 मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे हा उशीर ठोक्याच्या सोळाव्या हिश्श्याइतका झाला. हेडफोनमधला ट्रॅक त्या उशिरा आलेल्या ठोक्याशी जुळवला की तुम्हाला बीट जुळल्यासारखे वाटते आणि नाचणाऱ्यांना दोन ढोल वेगवेगळे पडल्यासारखे ऐकू येतात. मॉनिटर नसेलच, तर दोन्ही कान झाकून क्यू (पुढचा ट्रॅक) आणि मास्टर (लोकांना ऐकू जाणारा आवाज) दोन्ही हेडफोनमध्येच मिसळून ऐकावेत. मिक्सरवर स्प्लिट क्यूचे बटण असल्यास एका कानात क्यू आणि दुसऱ्या कानात मास्टर असेही ऐकता येते.

हेडफोनमध्ये दणदणीत ऐकू आले म्हणून ट्रॅकचा गेन, म्हणजे मिक्सरमध्ये येणाऱ्या आवाजाची पातळीही बरोबर आहे, असा समज करून घेऊ नये. क्यूचा आवाज फेडरच्या, म्हणजे चॅनेलचा आवाज कमीजास्त करणाऱ्या सरकपट्टीच्या, आधीच घेतलेला असतो आणि त्यावर हेडफोनचा नॉब वेगळाच चालतो, त्यामुळे गेन कानाने न ठरवता चॅनेलच्या मीटरवर ठरवावा. दिवे लाल होऊ लागले तर गेन उतरवावा. घरी मिक्सर वाजवून पाहताना ही चूक लपून राहते, कारण तिथे लाल दिव्याने शेजाऱ्याखेरीज कोणाचेच बिघडत नाही.

ब्लूटूथ हेडफोनविषयी फार लिहिण्याचे कारण नाही: त्यातला आवाज मागे पडतो, म्हणून कार्यक्रमात वायरचा, कान पूर्ण झाकणारा, बंद पाठीचा हेडफोनच वापरावा. बाहेरचा गोंगाट जितका अडेल तितका नॉब खाली राहतो. 6.35 मिलिमीटरचा जाड जॅक जोडण्यापूर्वी नॉब शून्यावर आणावा, कारण आधीच्या डीजेने तो कुठे सोडला असेल याचा नेम नसतो.

तंबोरा जुळवताना गायक आवाज मोठा करीत नाही, उलट आजूबाजूला शांतता मागतो. 1886 पासून गायनशाळेची परंपरा असलेल्या या शहरात हे सांगावे लागू नये, पण डीजेच्या टेबलापाशी आपण ते विसरतो. घरी सराव करताना मुद्दाम कमी आवाजात बीट जुळवण्याची सवय करावी. हळू आवाजात बास कानाला कमी जाणवतो, म्हणून हाय-हॅट (झांजेसारखा बारीक ठोका) किंवा टाळीच्या ठोक्यावर लक्ष ठेवावे. जुळणी किंचित सरकली तर ती तिथेच आधी पकडता येते.

कान नेहमी एकाच बाजूचा झाकण्याची सवय असेल, तर दर तासाला बाजू बदलावी. शिवाय संगीतकारांसाठी मिळणारे इअरप्लग उघड्या कानात घालावेत. साधा कापसाचा बोळा वरचे सूर खातो आणि खालचा दणका तसाच आत सोडतो. कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत राहिली किंवा घरातले बोलणे दबके वाटले, तर त्या दिवशी पुढचा कार्यक्रम घेऊ नये, आणि दुसऱ्या दिवशीही तसेच राहिले तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्यावी.