विटबिअर चाखायची तर आधी धणे हुंगा

बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर, म्हणजे विटबिअर, ओळखायला लागणारं सामान घरातच असतं: धणे आणि संत्र्याची साल. बाटली उघडण्याआधी चमचाभर कच्चे धणे खलबत्त्यात जाडसर कुटून हुंगा. भाजलेले नकोत. भाजल्यावर धण्याचा लिंबासारखा, फुलासारखा वास उडतो आणि मसाल्याचा वास वर येतो. कोथिंबिरीचाही इथे संबंध नाही. पानाचा वास वेगळा, दाण्याचा वेगळा. मग संत्र्याची साल नखाने मोडून नाकाशी धरा. मूळ बिअरमध्ये कुरासाओ जातीच्या कडू संत्र्याची वाळवलेली साल पडते, त्यामुळे ग्लासातला वास नागपुरी संत्र्यापेक्षा कोरडा आणि जरा कडवट लागेल. हे दोन वास नाकात बसले की अर्धं काम झालं.

डच भाषेत ‘विट’ म्हणजे पांढरा. मोड न आणलेला गहू साधारण निम्मा, बाकी बार्लीचा माल्ट (मोड आणून वाळवलेले दाणे), कधी थोडे ओट्स. गव्हातली प्रथिनं, स्टार्च आणि यीस्ट यांमुळे ती गढूळ दिसते. हा गढूळपणा दोष नाही. अल्कोहोल साडेचार ते साडेपाच टक्के, कडवटपणा अगदी कमी. लागर, म्हणजे थंडीत आंबवलेल्या नितळ बिअरच्या लाटेत बेल्जियममधल्या हूगार्डन गावातला अशा बिअरचा शेवटचा कारखाना १९५७ मध्ये बंद पडला. त्याच गावात दूध घालणारे पियेर सेलिस यांनी १९६६ मध्ये ती पुन्हा बनवायला घेतली. आज आपल्याकडे ही चव मिळते, ती त्यांच्यामुळे.

खरेदीत खरी मेख तारखेची. धणे आणि सालीचा वास सगळ्यात आधी मरतो, म्हणून ‘बेस्ट बिफोर’ नव्हे, उत्पादनाची तारीख बघा. तीन महिन्यांच्या आतली मिळाली तर उत्तम. घोडबंदर रोडवरची असो की वाशीतली, बिअर शॉपीत काचेजवळ उन्हात मांडलेली बाटली घेऊ नका, फ्रीजमधली मागा. हिरव्या किंवा पारदर्शक काचेतून उजेड शिरला की हॉप्समधले (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधले) घटक फुटतात आणि कुबट, उग्र दर्प येतो. एप्रिल-मे महिन्यात गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेली बिअर तर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागू लागते.

आपल्याकडे सर्वाधिक चूक होते ती तापमानात. उकाड्यामुळे बिअर बर्फगार पिण्याची सवय असते, पण दोन-तीन अंशांवर वास बाहेरच येत नाही. पाच ते सात अंश योग्य. फ्रीजमधून काढून दहा मिनिटं ओट्यावर ठेवा. पंख्याखालची ठाण्याची हवा उरलेलं काम करते. फ्रीझरमध्ये ठेवू नका, ग्लासही गोठवू नका. बर्फ तर नकोच, चव पातळ होते.

ग्लास जाड, रुंद तोंडाचा घ्या. साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला की फेस लगेच विरतो. ओल्या ग्लासात आतून चिमूटभर मीठ भुरभुरवा: सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ, मध्ये मोकळे डाग राहिले तर पुन्हा धुवा. मग गार पाण्याने विसळून लगेच ओता.

ग्लास तिरका धरून दोन तृतीयांश बाटली ओता आणि थांबा. उरलेली बिअर बाटलीतच हलक्या हाताने गोल फिरवा, म्हणजे तळाचं यीस्ट उठेल, आणि ती सरळ धरलेल्या ग्लासात ओता. दोन बोटं फेस हवा. हा गाळ तळाशीच राहिला तर बिअर हलकी, पाणचट लागते. कॅन असेल तर उघडण्याआधी एकदा सावकाश उलटा करा. जोरात हलवू नका.

लगेच हुंगा, लहान लहान श्वासांत. खोलीत उदबत्ती किंवा मोगरा नको. आधी संत्र्याची साल, मग धणे, त्यामागे भिजवलेल्या कणकेसारखा वास आणि किंचित मिरीची झाक. केळं आणि लवंग ठळक आली तर ती बिअर वाइत्सेनच्या, म्हणजे जर्मन गव्हाच्या बिअरच्या वळणाची. तिथे हे वास यीस्टमधून येतात, मसाला घालत नाहीत. घोट तोंडात फिरवून गिळा आणि नाकाने श्वास सोडा, धणे तेव्हा सर्वांत स्पष्ट कळतात. सुरुवातीला हलका गोडवा, मध्ये मऊपणा आणि बुडबुड्यांची चुरचुर, शेवट आंबूस आणि कोरडा. शेवट गोड चिकट राहिला तर बनवण्यात तोल गेला. सेलरीसारखा हिरवट किंवा हॅमसारखा वास धण्यातला दोष. लोण्यासारखा वास आला तर आंबवण अर्धवट राहिलेलं असू शकतं.

लिंबाची किंवा संत्र्याची फोड घालण्याची पद्धत टाळा. सालीतलं तेल फेस मोडतं आणि बिअरचा स्वतःचा सुगंध झाकतं.

सोबत सुक्या तिसऱ्या किंवा कोलंबी, पण मसाला बेताचा. तिखटाने बुडबुडे जास्त बोचतात. कोथिंबीर वडीही छान जमते. शेवटचे दोन घोट मात्र मुद्दाम राखून ठेवा. बिअर बारा अंशांपर्यंत आली की सुरुवातीला थंडीत लपलेले दोष उघडे पडतात, आणि चांगली विटबिअर तेव्हाही धण्याचा वास देत राहते.