शुक्रवारी संध्याकाळी स्टेडियमला जा: टेक्ससमध्ये डॅलसच्या उत्तरेला नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

दर उन्हाळ्यात प्लेनो, ॲलन, फ्रिस्को, मकिनी, प्रॉस्पर ह्या पट्ट्यात आपली नवीन माणसं येतात आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच ते प्रश्न सुरू होतात, कुठली शाळा, कुठलं अपार्टमेंट, देशी किराणा कुठे, गॅरेज असलेलं घर भाड्याने मिळेल का. ह्या सगळ्यांची उत्तरं मिळतात. पण एक गोष्ट कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही, ती म्हणजे इथल्या हायस्कूल फुटबॉलचं काय करायचं. आपले लोक ऐकतात की ॲलनमध्ये शाळेच्या पोरांसाठी ६ कोटी डॉलरचं स्टेडियम बांधलंय, डोक्याला हात लावतात, 'काय वेडे लोक आहेत' म्हणतात आणि विषय संपवतात. मग दहा-दहा वर्षं गावात राहून गावातलं कुणी ओळखीचं नसतं. हे मी खूप घरांत बघितलंय म्हणून लिहितेय.

आधी एवढं समजून घ्या की फुटबॉल म्हणजे हातात धरून पळायचा तो. नियम पहिल्या मॅचपुरते चार ओळीत: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, गेलात तर परत चार मिळतात, शेवटच्या पट्ट्यात पोचलात की टचडाउन, सहा पॉइंट. बारा-बारा मिनिटांचे चार क्वार्टर, पण घड्याळ सारखं थांबतं म्हणून अडीच-तीन तास धरून चला. बाकीचं शेजारी बसलेले आजोबा सांगतील, आणि आनंदाने सांगतील, विचारून तर बघा.

आता ईर्षा. कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, ज्याने शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी मंडळ ही (आपल्या पायाने खेळायच्या) फुटबॉलची मॅच बघितलीय त्याला पेठेची ईर्षा काय असते ते माहितीय, फक्त इथे पेठेच्या जागी गाव आणि तालमीच्या जागी शाळा. प्लेनो आणि ॲलन हायवे ७५ वर एकाला लागून एक. प्लेनो जुनं दादा, १९६५ ते १९९४ मध्ये सात वेळा स्टेट चॅम्पियन. मग वस्ती उत्तरेकडे सरकली, प्लेनोने मुलं तीन सीनियर हायस्कूलमध्ये वाटली, आणि ॲलनने ठरवलं की आपण वाटायचं नाही, अख्ख्या गावाला एकच हायस्कूल. पाच हजाराच्या वर मुलं एका शाळेत. २०१२, २०१३, २०१४ अशी सलग तीन वर्षं ॲलन स्टेट जिंकलं, क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, टीमचा मुख्य खेळाडू) कायलर मरे, जो सुरुवातीपासून खेळला त्या ४२ मॅचेसपैकी एकही हरला नाही आणि पुढे २०१९ मध्ये एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिला निवडला गेला. ही नावं आणि वर्षं माहिती असू द्या, ऑफिसमध्ये सोमवारी सकाळी कॉफीपाशी कामाला येतात.

फ्रिस्कोने बरोब्बर उलटं केलं. तिथे डिस्ट्रिक्टने (सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने) मुद्दाम शाळा लहान ठेवल्या, बारा हायस्कुलं काढली, कारण शाळा लहान असली की जास्त मुलांना टीममध्ये, बॅण्डमध्ये, नाटकात जागा मिळते. त्यामुळे फ्रिस्कोत एका शाळेमागे अख्खं गाव उभं राहत नाही, स्टेडियमही शाळा वाटून घेतात, आणि ईर्षा एकाच गावातल्या दोन शाळांत असते, तुमच्या घरासमोरच्या रस्त्याच्या पलीकडचं पोरगं दुसऱ्या रंगाचा शर्ट घालून जातं. घर घेताना आपण फक्त शाळेच्या रेटिंगचा आकडा बघतो, पण हा फरक आकड्यापेक्षा मोठा आहे. मुलगी बास्केटबॉल बरी खेळते पण अफलातून नाही, तर फ्रिस्कोत तिला टीममध्ये जागा मिळायची शक्यता खूपच जास्त. ॲलनमध्ये ती हजारोंशी स्पर्धा करणार, पण तिथलं ते एकगाव-एकशाळा वातावरण दुसरीकडे मिळत नाही. मला स्वतःला ॲलनचं मॉडेल आवडतं. माझ्या नवऱ्याला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे दोनदा वाचा. पत्त्यात फ्रिस्को लिहिलंय म्हणजे शाळा फ्रिस्को डिस्ट्रिक्टची असं अजिबात नाही. इथे शहराची हद्द वेगळी, शाळेच्या डिस्ट्रिक्टची हद्द वेगळी. फ्रिस्को शहराचे काही भाग प्रॉस्परच्या, काही लिटल एल्मच्या, काही लुइसव्हिलच्या डिस्ट्रिक्टमध्ये जातात. मकिनीतली काही घरं फ्रिस्को डिस्ट्रिक्टमध्ये, काही ॲलनमध्ये. प्लेनोतलीही काही फ्रिस्कोत.

आमच्या ओळखीतलं एक कुटुंब, नगरकडचं. भाड्याने राहत होते, मुलगी नववीत, मार्चिंग बॅण्डमध्ये (फुटबॉल मॅचच्या हाफटाइमला मैदानावर चालत वाजवणारा शाळेचा बॅण्ड) क्लॅरिनेट. वसंतात पुढच्या वर्षाच्या ऑडिशन झाल्या, तिला चांगली जागा मिळाली, पोरगी हवेत. त्याच सुमारास घर घ्यायचं ठरलं, जुन्या घरापासून गाडीने सात-आठ मिनिटांवर नवीन वस्ती, बिल्डरच्या ऑफिसातल्या सेल्सवालीने सांगितलं 'शाळा तीच', ह्यांनी मान डोलावली आणि सह्या केल्या. जुलैत शाळेत पत्ता बदलायला गेले तर कळलं घर दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये. अर्नेस्ट मनी (इसाऱ्याची रक्कम) गुंतलेली, ऑप्शन पीरियड (सौदा मोडायची मुदत) संपलेला, मागे फिरायची सोय नाही. नवीन शाळेच्या बॅण्डचा शो आधीच बसवलेला, मैदानावर प्रत्येक मुलाची जागा ठरलेली, तिला राखीव मुलांमध्ये घातलं. त्या सीझनभर ती युनिफॉर्म घालून कडेला उभी असायची. आणि आईवडिलांना आमच्यातलेच लोक समजावत होते, 'अगं बॅण्डच तर आहे, मॅथ तर बुडत नाहीये ना'. मला ह्या वाक्याचा राग येतो. त्या मुलीच्या सगळ्या मैत्रिणी त्या बॅण्डमध्ये होत्या.

म्हणून घर बघायला जाण्याआधी काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (टॅक्ससाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या ऑफिसच्या) साइटवर पत्ता टाका, कॉलिन असेल तर कॉलिन, डेंटन असेल तर डेंटन (फ्रिस्को दोन्हीत आहे). तिथे त्या घराचा टॅक्स कुठल्या-कुठल्या संस्थांना जातो ते लिहिलेलं असतं, त्यात शाळेच्या डिस्ट्रिक्टचं नाव असतं. मग त्या डिस्ट्रिक्टच्या साइटवर तोच पत्ता टाकून हायस्कूल कुठलं ते बघा. एजंटचं ऐकू नका, बिल्डरचं ऐकू नका, शेजाऱ्याचं ऐकू नका, लिस्टिंगवर लिहिलेलं तर मुळीच धरू नका. आणि सही करायच्या आठवड्यात परत एकदा बघा, कारण वाढत्या गावांत शाळांच्या हद्दी पुन्हा आखतात.

ह्याचीच दुसरी बाजू. मूल टेनिस किंवा कुठलाही खेळ व्हार्सिटीला (शाळेच्या मुख्य टीममध्ये) खेळत असेल आणि 'तिकडचा कोच चांगला' म्हणून शाळा बदलाल तर यूआयएल, म्हणजे टेक्ससमधल्या शालेय स्पर्धा चालवणारी संस्था, एक वर्ष व्हार्सिटी खेळू देत नाही. शाळा बदलली की जुन्या शाळेकडून फॉर्म भरून घेतात, त्यात खेळासाठी बदलली का हे विचारलेलं असतं. आणि मित्राच्या पत्त्यावर नाव घालायचे उद्योग करू नका. ॲडमिशनच्या फॉर्मवरच छापलेलं असतं की खोटी माहिती देणं गुन्हा आहे. व्हिसावर असताना असली रिस्क कोण घेतं? घेतात, म्हणून सांगतेय.

आणि घर घेतलंत की होमस्टेड एक्झेम्प्शनचा, म्हणजे राहत्या घराच्या टॅक्समधल्या सवलतीचा, फॉर्म भरा.

स्टेडियमच्या पैशांबद्दल. ॲलनचं ईगल स्टेडियम २०१२ मध्ये उघडलं, १८,००० सीट. दोनच वर्षांत, फेब्रुवारी २०१४ मध्ये, काँक्रीटला भेगा सापडल्या म्हणून बंद केलं आणि २०१५ मध्ये परत उघडलं. अख्खा २०१४ चा सीझन टीमला घरचं मैदान नव्हतं आणि तरी त्यांनी स्टेट जिंकलं. मग मकिनीने २०१८ मध्ये साधारण ७ कोटी डॉलरचं, प्रॉस्परने २०१९ मध्ये ५ कोटीच्या वरचं, दोन्ही १२,००० सीटची. शेजारच्याने बांधलं म्हणून आपणही, हे त्यात आहेच, नाही म्हणत नाही. पण 'ह्यापेक्षा शिक्षकांचे पगार वाढवा' हे आपल्या पार्ट्यांमधलं ठरलेलं वाक्य चुकीचं आहे. बॉण्डचा, म्हणजे मतदारांच्या मंजुरीने काढलेल्या कर्जाचा, पैसा इमारती आणि सामान ह्यासाठीच वापरता येतो, पगाराला वापरताच येत नाही, तो वेगळ्या टॅक्समधून येतो. तुमच्या टॅक्स बिलात दोन्ही दर दिसतात. आणि लोक नाहीही म्हणतात, प्रॉस्परने २०२३ मध्ये ९.४ कोटीच्या नव्या स्टेडियमला नकार दिला. २०१९ पासून स्टेडियमचा प्रस्ताव मतपत्रिकेवर वेगळा मांडावा लागतो, शाळांच्या इमारतींबरोबर गुंडाळून पुढे करता येत नाही. सिटिझन असाल तर मे आणि नोव्हेंबरमध्ये मत द्या, आपल्या लोकांपैकी फार थोडे देतात. नसाल तर स्कूल बोर्डाच्या मीटिंगला जाऊन बसा, ती सगळ्यांना खुली असते. माझं मत असं की स्टेडियम मोठं असावं, पण भेगा पडेल असं नसावं, आणि ते बघायला आपणही तिथे बसलं पाहिजे.

बॅण्डबद्दल जास्त लिहिणार आहे कारण आपली मुलं फुटबॉल टीमपेक्षा बॅण्डमध्येच जास्त दिसतात. टेक्ससमध्ये वाद्य सहावीत सुरू होतं. सातवी-आठवीत आलात तर उशीर झालाय पण दार बंद नाही, बॅण्ड डायरेक्टरला ईमेल करा, प्रायव्हेट लेसन लावा, कलर गार्डचाही (बॅण्डबरोबर झेंडे फिरवणारी मुलं) विचार करा. मोठी वाद्यं, ट्युबा वगैरे, शाळा देते, क्लॅरिनेट-फ्लूट आपलं आपण. मार्चिंग बॅण्डलाही डॉक्टरकडून फिजिकल (शारीरिक तपासणी) लागतं, मे-जूनमध्ये करून टाका, भारतात जाऊन ऑगस्टमध्ये परत येता आणि मग अपॉइंटमेंट मिळत नाही. बॅण्ड कॅम्प उन्हाळ्यातच सुरू होतो, त्यामुळे भारताची तिकिटं कॅम्पच्या तारखा बघून काढा. हे कॅम्प एकदा कडेला उभं राहून बघा. पार्किंग लॉटच्या डांबरावर पांढऱ्या रेघा मारलेल्या, प्रत्येक मुलाच्या पायाशी गॅलनभर पाण्याचा जग, उंच टॉवरवर डायरेक्टर माइक घेऊन, आणि दोनशे मुलं आठ पावलात पाच यार्ड, आठ पावलात पाच यार्ड, एकाचं पाऊल चुकलं की सगळे परत मागे जाऊन सुरुवात. आपल्या लाडावलेल्या पोरांना कुणीही न ओरडता इतकं शिस्तीत मी दुसरीकडे कुठे बघितलं नाही.

अभ्यासाची काळजी वाटते त्यांच्यासाठी: १९८४ पासून इथे कायदा आहे, एका विषयात ७० च्या खाली गेलात की तीन आठवडे मॅच नाही, कॉन्टेस्ट नाही. शाळेबाहेरच्या वेळातली प्रॅक्टिसही आठवड्याला आठ तासांपर्यंतच. आणि यूआयएलच गणिताच्या, स्पेलिंगच्या, वादविवादाच्या स्पर्धाही घेते, १९१० मध्ये सुरुवातच वादविवादापासून झाली.

पहिल्यांदा जाताना. पर्स पारदर्शक पिशवीची लागते, नाहीतर गेटवरून गाडीपर्यंत परत पाठवतात. तिकीट फोनवर आधीच काढा. सप्टेंबरच्या सुरुवातीला संध्याकाळी सातलाही कधी कधी ३५ डिग्रीच्या आसपास असतं, बाक ॲल्युमिनियमचे, बसायला काहीतरी न्या. लहान मुलं असतील तर फ्रिस्कोच्या फोर्ड सेंटरपासून सुरुवात करा, डॅलस काउबॉइजच्या हेडक्वार्टरमधलं १२,००० सीटचं, एसी आहे आणि फ्रिस्कोच्या शाळा तिथे खेळतात. बाकी ठिकाणी वीज चमकली की मॅच अर्धा तास थांबते, शेवटची वीज दिसल्यापासून अर्धा तास, गाडीत जाऊन बसा. होम साइडला बसायचं की व्हिजिटर ते आधी बघा आणि कपड्यांचा रंगही, प्लेनोचा मरून घालून ॲलनच्या बाजूला बसलात तर कुणी काही बोलणार नाही पण सगळे बघतील. ॲलन आणि प्रॉस्पर दोघांचंही नाव ईगल्स, प्रॉस्पर हिरवं. राष्ट्रगीताला उभं राहायचं, टोपी काढायची, फोन खाली. मॅचनंतर दोन्ही शाळांची गाणी होतात, समोरच्या शाळेचंही शांत उभं राहून ऐकायचं, आपले लोक पार्किंगची गर्दी टाळायला तेव्हाच उठतात, नका उठू.

शाकाहारींनी फ्रिटो पाय घेऊ नका, चिप्सच्या पाकिटात ओततात ती चिली बीफची असते. नाचो आणि लोणच्याची काकडी चालते.

होमकमिंगच्या, म्हणजे शाळेच्या वर्षातल्या मोठ्या घरच्या मॅचच्या, आधी मुलगी म्हणेल मला मम पाहिजे. हे छातीवर लावायचं खोटं शेवंतीचं फूल, त्याला गुडघ्यापर्यंत रिबिनी, घुंगरं, टेडी, चकाकती नावं, मुलगे हातावर छोटं लावतात. विकत फार महाग पडतं. सामान क्राफ्टच्या दुकानात मिळतं, आपल्याकडच्या गणपतीच्या मखराची सवय असलेल्या आयांना एका रात्रीचं काम आहे. पण चेष्टा करू नका आणि 'कशाला' म्हणू नका, त्या शुक्रवारी वर्गातल्या बहुतेक मुली घुंगरं वाजवत फिरत असतात.

मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम आणि मॅच एकाच शुक्रवारी येणार, हे दरवर्षी होतं. मंडळाच्या कमिटीला मी सांगून थकले की शाळेचं वेळापत्रक उन्हाळ्यातच लागतं, ते बघून तारीख धरा. तोपर्यंत हायस्कूलच्या मुलांना ओढून आणू नका, त्यांना शनिवारी आरतीला आणा.

आणि बूस्टर क्लबमध्ये (टीमला, बॅण्डला मदत करणाऱ्या पालकांच्या मंडळात) नाव द्या. डिस्ट्रिक्टच्या साइटवर व्हॉलंटियरचा फॉर्म भरावा लागतो, बॅकग्राउंड चेक होतो, काही दिवस लागतात, म्हणून जुलैतच भरा. पाणी वाटणं, युनिफॉर्मची बटणं लावणं, हाफटाइमला प्रॉप (बॅण्डच्या शोची सजावट) ढकलत मैदानावर नेणं, असली कामं असतात. प्रॉपचं काम मागून घ्या, इंग्लिश फारसं बोलावं लागत नाही आणि मैदानात उतरायला मिळतं. सीझन नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपतो, टीम पुढे गेली तर थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातही मॅच असते, आणि डिसेंबरमध्ये आर्लिंग्टनला एटी अँड टी स्टेडियमवर फायनल. तेव्हा भारतातून आईवडील आलेले असतील तर त्यांनाही न्या, स्वेटर आणि कानटोपी घालून.