इंजिन माउंटिंग गेलंय का, घरीच बघा
सिग्नलला गाडी उभी असताना स्टेअरिंग थरथरतं आणि थोडी रेस दिली की थांबतं? मग माउंटिंग, म्हणजे इंजिनला गाडीच्या सांगाड्यावर धरून ठेवणारे रबरी आधार, तपासा. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा आणि कुणाला तरी ब्रेक दाबून रिव्हर्समध्ये क्लच अर्धवट सोडायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहा, गाडीच्या पुढे-मागे नाही! इंजिन एका अंगाला उसळलं तर बहुधा रबर फाटलंय. माउंटिंग बदलताना इंजिनला खालून जॅकचा टेकू द्यायचा, पण जॅक आणि ऑइल चेंबर (इंजिनच्या तळाची तेलाची टाकी) यांच्या मध्ये लाकडी फळी हवीच, नाहीतर चेंबर चेपतो. बोल्ट पक्के आवळायचे ते इंजिनचं वजन माउंटिंगवर आल्यावर. रबरातल्या फटीत पॉलियुरेथेन (रबरासारखं, पण जास्त कडक प्लास्टिक) भरून माउंटिंग कडक करता येतं, पण मग सगळी थरथर केबिनमध्ये येते. रोजच्या गाडीला मूळ रबरच बरं.